हिरव्या काचेतून टायट्रेशन

कॉलेजातल्या पहिल्याच टायट्रेशनला शेजारच्या मुलाची ब्युरेट एकोणीस पॉइंट सहावर थांबली, समोरच्याची एकोणीस पॉइंट सातवर, आणि माझी एकतीसच्या पुढे गेली तरी मी थांबलो नव्हतो. फ्लास्कमध्ये सोड्याचं पाणी होतं. त्यात मिथिल ऑरेंजचे दोन थेंब टाकले की ते पिवळं होतं, वरच्या ब्युरेटच्या नळीतून आम्ल थेंबाथेंबानं सोडत जायचं, आणि पिवळ्याचं नारिंगी-गुलाबी झालं की त्याच थेंबाला चावी बंद करायची, असं आम्हांला सांगितलं होतं. मी त्या थेंबाची वाट बघत होतो. डाव्या हातानं चावी, उजव्या हातानं फ्लास्क हलवत, डोळे फाडून बघत होतो. पाणी जसं होतं तसंच दिसत होतं. किंचित मळकट झालं असेल, एवढंच.

प्रयोगांवर देखरेख करणारे डेमॉन्स्ट्रेटर मागून आले. त्यांनी फ्लास्क उचलून खिडकीकडे धरला आणि इंग्रजीत विचारलं, की हे किती वेळापासून लाल आहे? आसपासची मुलं हसली. त्यांनी माझ्या जर्नलवर लाल शाईनं ‘निष्काळजी’ असा शेरा मारला आणि पुढे गेले. तो लाल शाईचा शेरा मला काळपट दिसला, हेही मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. तो सगळ्यांना तसाच दिसत असेल असं मला वाटत होतं.

पन्नासचं दशक संपायला आलं होतं. बंगळूर तेव्हा थंड आणि निवांत गाव होतं, आणि मी सतरा वर्षांचा होतो. आमचं घराणं किती पिढ्यांपूर्वी मराठी फौजेमागोमाग इथं आलं, हे घरात कुणालाच नीट सांगता येत नसे. घरात मराठी बोलायचो, पण वडिलांना अण्णा, बहिणीला अक्का, आणि दर चार वाक्यांत एक कानडी ‘सरी’, म्हणजे ‘बरं’. अण्णा रेशमाचे रंगारी होते. कॉटनपेटेतल्या एका गल्लीत घर, घरामागे अंगण, अंगणात तीन चुली आणि त्यांवर तांब्याची मोठी पातेली. चिकपेटेतले व्यापारी रेशमाच्या लडी आणून टाकत. अण्णा त्या उकळत्या रंगात बुडवत, काठीवर फिरवत, पिळून दोरीवर वाळत घालत. रंग बसला की नाही हे बघायला ते ओल्या लडीचा एक धागा अंगठ्याच्या नखावर ठेवत आणि दाराशी जाऊन उजेडात धरत. त्या गल्लीत अण्णांच्या डोळ्याला मोठा मान होता. व्यापारी जुन्या साडीचा काठ आणून टाकत आणि म्हणत, असाच पाहिजे. अण्णा तसाच देत.

आणि रंगाच्या या धंद्यासाठीच मला केमिस्ट्रीला घातलं होतं. झाडांच्या सालींचे आणि किड्यांचे रंग जाऊन डब्यांतली पूड आली, त्याला तोवर बरीच वर्षं झाली होती. डब्यांवर बारीक इंग्रजीत सूचना असत. किती आम्ल घालायचं, किती तापवायचं, मीठ कधी, सोडा कधी. अण्णांना इंग्रजी येत नव्हतं. ते अंदाजानं करत. बहुतेक वेळा जमायचं. पण एकदा एका लग्नाच्या साड्यांचा लाल काठ पहिल्याच धुण्याला पांढऱ्यात उतरला, आणि त्या घरची माणसं अंगणात येऊन उभी राहिली. ती काही फार बोलली नाहीत. अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, की डब्यावर लिहिलेलं वाचणारा एक माणूस या घरात पाहिजे.

म्हणून माझा शेरा घरी कुणाला दाखवायचा प्रश्नच नव्हता.

पुढच्या प्रॅक्टिकलांना मी युक्ती केली. सगळ्यांना एकाच बाटलीतलं द्रावण असे, त्यामुळे उत्तरही सारखंच यायचं. मी शेजाऱ्याच्या हाताकडे बघायचो. त्याची चावी बंद झाली की डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याचा आकडा वाचायचा आणि माझं आम्ल तिथवर आणायचं. तिसऱ्या खेपेला डेमॉन्स्ट्रेटर माझ्याकडे बघून मान डोलावून गेले. मला वाटलं, सुटलो. पण हळूहळू प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवसापासून माझ्या डोक्यात प्रश्न सुरू व्हायला लागले. एक दिवस शेजारचा आला नाही तर? एक दिवस सगळ्यांना वेगवेगळी द्रावणं दिली तर? परीक्षेत तशीच देतात, असं वरच्या वर्गातल्या मुलांनी सांगितलं होतं.

मला नक्की काय झालंय ते फिजिक्सच्या तासाला कळलं. प्रकाशाचा धडा चालू होता. प्राध्यापकांनी सांगितलं, की पांढऱ्या उजेडात सगळे रंग मिसळलेले असतात, वस्तू त्यातला काही उजेड गिळते, उरलेला आपल्या डोळ्यांत येतो आणि त्याला आपण तिचा रंग म्हणतो. मग ते म्हणाले, की काही माणसांच्या डोळ्यांना लाल आणि हिरवा वेगळे ओळखता येत नाहीत, आणि त्यांतल्या पुष्कळांना ते ठाऊकही नसतं. त्यांनी एक पुस्तक आणलं होतं. पानांवर रंगीत ठिपक्यांचं वर्तुळ, आणि त्या ठिपक्यांत एक आकडा लपलेला. पुस्तक बाकावरून बाकावर सरकत होतं. प्रत्येकानं आकडा मोठ्यानं वाचायचा होता.

माझ्या आधीच्या मुलानं आकडा वाचला आणि पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. मला फक्त ठिपके दिसत होते. लहान-मोठे, सगळे एकाच मळकट जातीचे. मी त्यानं वाचलेला आकडाच वाचला. प्राध्यापकांनी मान हलवली आणि पुस्तक पुढे गेलं. कुणाला काही कळलं नाही, आणि त्यानं मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. पुढचा सगळा तास मी लहानपणापासूनचा हिशेब जुळवत बसलो होतो. अण्णा दोरीवरची डाळिंबी लड आण म्हणायचे आणि मी भलतीच न्यायचो. ते म्हणायचे, तुझं लक्ष नसतं. मग मी कुठली लड कुठे टांगली हे जागेवरून पाठ करायला लागलो होतो. माझं लक्ष नसतं हे मी इतकी वर्षं खरं मानत आलो होतो.

रंगाऱ्याच्या घरी जन्मलो होतो, रंगाची विद्या शिकायला गेलो होतो, आणि मला रंग दिसत नव्हते. हे कुणाला सांगायचं?

मी अक्काला सांगितलं. माझ्याहून ती सात वर्षांनी मोठी. तिचं सासर दोन गल्ल्या सोडून होतं, नवऱ्याचं शिवणाचं दुकान होतं. दुपारी स्वैपाक आवरला की ती घटकाभर आमच्या अंगणात येऊन बसायची आणि अण्णांच्या ओल्या लडी सोडवायला मदत करायची. अण्णा त्या दिवशी बाजारात गेले होते. मी तिला सगळं सांगून टाकलं, शेजाऱ्याच्या चावीचंसुद्धा. ती घाबरली नाही, रडलीही नाही. तिनं तिथल्याच दोन लडी माझ्यापुढे धरल्या आणि विचारलं, यातली हिरवी कुठली? मी एक दाखवली. ती लाल निघाली, आणि अक्कानं दोन्ही लडी खाली ठेवल्या. मग म्हणाली, की अण्णांना आताच सांगू नको, आधी काय करता येतं ते बघू.

त्यानंतरच्या दुपारी आम्ही दोघांनी अंगणात एक विचित्र शाळा चालवली. अक्का जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात कुस्करून त्यांचं रंगीत पाणी करायची. त्यात लिंबू पिळलं की ते लाल होतं आणि धुण्याचा सोडा टाकला की हिरवट होतं, हे ती मला सांगायची. मला त्यात काहीतरी बदलतंय एवढं कळायचं. उजेड-अंधाराचा फरक दिसायचा, तोही मागे पांढरा कागद धरला तर. ती थेंब टाकायची, मी ‘आता’ म्हणायचो. ती म्हणायची, कधीच झालं, किंवा म्हणायची, अजून नाही. पंधरा दिवसांनी माझं दहातलं सहा वेळा बरोबर यायला लागलं. परीक्षेला सहा पुरणार नव्हते.

एका दुपारी ती घरात पाणी प्यायला गेली आणि आतूनच तिनं मला हाक मारली. आमच्या पुढच्या खोलीच्या झरोक्याला रंगीत काचांचे चार तुकडे बसवलेले होते. ती त्यातल्या एका तुकड्याला डोळा लावून अंगणातल्या जास्वंदीकडे बघत होती.

“इथून बघ,” ती म्हणाली. “फूल काळं दिसतंय. पानं तशीच आहेत.”

मी डोळा लावला. माझ्यासाठी जास्वंदीची फुलं आणि पानं नेहमी एकमेकांत बुडालेली असत, आकारानंच ओळखायची. त्या काचेतून पानं उजळ दिसत होती आणि त्यांत जागोजागी काळे डाग पडले होते. मी ते डाग मोजले. अकरा फुलं होती. आयुष्यात पहिल्यांदा मी लांबून फुलं मोजली होती.

काच कुठल्या रंगाची आहे हे मी अक्काला विचारलं. ती म्हणाली, हिरवी. मग मला फिजिक्सचा तो तास आठवला. हिरवी काच फक्त हिरवा उजेड आत सोडते. लाल फुलाकडे हिरवा उजेड परत पाठवायला नसतोच, म्हणून ते काळं पडतं. हेच मिथिल ऑरेंजला लागू व्हायला हवं होतं. पिवळं पाणी हिरवा उजेड आरपार जाऊ देतं, लाल झालेलं पाणी तो गिळतं. म्हणजे काचेतून बघितलं तर शेवटच्या थेंबाला पाणी एकदम गडद व्हायला पाहिजे. मला रंग ओळखायची गरजच नव्हती.

काचवाल्याकडे जाऊन मी हिरव्या काचेचा तळहाताएवढा तुकडा कापून आणला, कडा दगडावर घासून बोथट केल्या. पुढच्या प्रॅक्टिकलला तो रुमालात गुंडाळून नेला. फ्लास्क हलवताना रुमालाचं टोक बाजूला करून मी त्यातून बघत होतो. पाणी उजळ, उजळ, उजळ, आणि मग एका थेंबाला त्यात सावली पडली. मी चावी बंद केली. शेजाऱ्याचा हात अजून चालूच होता. दोन-तीन थेंबांनी त्याचीही बंद झाली. त्याचा आकडा आणि माझा आकडा एका बारीक रेघेच्या अंतरावर होते, आणि मला खात्री होती की माझा जास्त बरोबर आहे.

तरी भीती गेली नाही. तिनं फक्त जागा बदलली. आता मला काच सापडेल याची भीती वाटायला लागली. प्रयोगशाळेत चोरून काही आणणं म्हणजे कॉपी. कुणी विचारलं तर सांगावं लागेल, आणि सांगितलं तर काढून टाकतील. केमिस्ट्रीला आंधळा मुलगा कोण ठेवेल? क्षार ओळखायच्या प्रयोगात तर काचही फारशी चालत नव्हती. ज्योतीत क्षार धरला की कॅल्शियमची ज्योत विटेसारखी, बेरियमची पोपटी. मला दोन्ही सारख्याच. तिथं मी ज्योतीचा नाद सोडला. कशात काय टाकलं की तळाशी साका बसतो आणि काय टाकलं की बसत नाही, एवढंच पाठ केलं. साका बसणं हे रंगावर अवलंबून नसतं. ते बोटांनाही कळतं असं मला वाटायचं, परीक्षानळी जड झाल्यासारखी. इतर मुलं ज्योत बघून अर्ध्या मिनिटात उत्तर लिहीत. मी चार कसोट्या करून लिहायचो. उशीर व्हायचा, पण का हे मला ठाऊक असायचं.

वार्षिक परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. काळा कोट, जरीकाठी फेटा, हातात वेताची काठी. आम्हांला दिलेलं टायट्रेशन मिथिल ऑरेंजचं नव्हतं. ऑक्झॅलिक आम्ल गरम करून त्यात पर्मँगनेट सोडायचं होतं. यात मिथिल ऑरेंजसारखा वेगळा दर्शक लागत नाही. पर्मँगनेटचा जांभळा थेंब पडतो आणि रंग नाहीसा होतो. जेव्हा फिकट गुलाबी छटा टिकून राहते तेव्हा संपलं. हेही काचेतून गडद दिसायला हवं, असा मी मनात हिशेब करून ठेवला होता. पण यात एक मेख होती आणि ती मी घाईत विसरलो. पहिला थेंब लगेच विरत नाही. तो रेंगाळतो, मग क्रिया वेग धरते. मी पहिला थेंब सोडला, काचेतून बघितलं, सावली दिसली आणि ती जाईना. पहिल्याच थेंबाला शेवट कसा येईल?

त्याच वेळी एक हात माझ्या खांद्यावरून पुढे आला आणि त्यानं रुमालासकट काच उचलली.

परीक्षकांनी ती खिडकीकडे धरून दोन्ही बाजूंनी तपासली. काही लिहिलेलं नव्हतं. त्यांनी इंग्रजीत विचारलं, हे काय आहे? समोर डेमॉन्स्ट्रेटर उभे होते, त्यांचा चेहरा सांगत होता की त्यांना कधीपासून संशय होता. परीक्षकांनी मग तोच प्रश्न कन्नडात विचारला, हळू आवाजात. आणि मी कन्नडातच सांगितलं, की सार, मला लाल आणि हिरवा कळत नाही.

त्यांनी विचारलं, मग हिरवीच काच का, लाल का नाही? मी त्यांना गिळलेल्या उजेडाचं सांगितलं. ते म्हणाले, आता फ्लास्कमध्ये काय चाललंय? मी म्हणालो, की पहिला थेंब टाकला आणि तो संपला नाही, त्यामुळे मला काही कळेनासं झालंय. त्यांनी काचेआडून फ्लास्ककडे बघितलं. तेवढ्यात मला आठवलं, की पहिला थेंब नेहमीच रेंगाळतो. मी ते मोठ्यानं म्हटलं. त्यांनी काच माझ्या टेबलावर ठेवली आणि पुढच्या मुलाकडे गेले. मी काच उचलली. सावली विरून गेली होती.

तोंडी परीक्षेला मी त्यांच्यासमोर बसलो तेव्हा त्यांनी पुस्तकातलं फारसं विचारलं नाही. टायट्रेशनमध्ये रंगाचं काम काय, एवढंच विचारलं. मी म्हणालो, की आम्ल आणि सोडा ठरलेल्या प्रमाणात एकमेकांना संपवतात, ते वजनाचं काम आहे. ते संपलं हे आपल्याला कळावं म्हणून रंग. त्यांनी लिहून घेतलं. मग विचारलं, की हे आजच्या आधी कॉलेजात कुणाला माहीत होतं का? घरी?

“फक्त बहिणीला,” मी म्हणालो.

“तुझे डोळे असे आहेत यात तुझी चूक नाही,” ते कन्नडात म्हणाले. “पण उद्या तू कारखान्यात असशील. दोन बाटल्या रंगावरून ओळखाव्या लागतील, आणि तू लपवलेलं असशील तर दुसऱ्या कुणाचा तरी हात भाजेल. हे आधी सांगून टाक. सगळीकडे.”

त्यांनी मला पास केलं की नापास, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. ते जे म्हणाले त्यातलं ‘सगळीकडे’ हे एकच माझ्या डोक्यात घणासारखं वाजत राहिलं. सगळीकडे म्हणजे घरीसुद्धा.

मी त्याच दुपारी अण्णांना सांगितलं, कारण उद्यावर टाकलं असतं तर मी कधीच सांगितलं नसतं. ते चुलीसमोर उभे होते, काठीवर लड फिरवत होते. मी बोलत असताना त्यांनी काठी थांबवली नाही. मध्येच थांबली तर रंग एकसारखा बसत नाही. माझं बोलून झालं तेव्हा ते म्हणाले, “काही नाही, तुझं लक्ष नसतं.” मग त्यांनी लड बाहेर काढली, पिळली, वाळत घातली, हात धुतले, आणि दोरीवरून दोन लडी काढून माझ्यापुढे धरल्या. डाळिंबी कुठली? मी सांगितलं. त्यांनी दोन्ही पाठीमागे नेऊन अदलाबदल केली आणि पुन्हा धरल्या. असं त्यांनी किती वेळा केलं ते मला आठवत नाही. काही वेळा माझं बरोबर यायचं आणि त्यांच्या डोळ्यांत आशा दिसायची, आणि पुढच्या खेपेला मी चुकायचो. शेवटी त्यांनी लडी दोरीवर टाकल्या. त्या चुकीच्या जागी टाकल्या, हे मीच बघितलं, कारण मला जागा पाठ होत्या.

चार दिवस ते माझ्याशी कामापुरतं बोलले. गल्लीत कुणाला सांगायचं नाही, असं त्यांनी मला आणि अक्काला बजावलं. रंगाऱ्याच्या पोराला रंग दिसत नाही हे व्यापाऱ्यांना कळलं तर ते अण्णांच्या डोळ्यावरही शंका घेतील, अशी त्यांना भीती होती. मला परीक्षकांचे शब्द आठवत होते आणि अण्णांचा चेहरा समोर होता. दोन्ही एकदम पाळता येत नव्हते. मी कॉलेजात जाऊन केमिस्ट्रीच्या प्राध्यापकांना सांगितलं, गल्लीत गप्प राहिलो. प्राध्यापकांनी काच वापरायला परवानगी दिली. डेमॉन्स्ट्रेटरांना वाईट वाटलं असावं, कारण पुढचं वर्षभर ते माझ्याजवळ येऊन उभे राहायचे आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात रंग सांगायचे. मला ते निष्काळजीच्या शेऱ्याहून जड जायचं. त्या परीक्षेच्या निकालात मी दुसऱ्या श्रेणीत पास झालो होतो.

अण्णांना सांगितल्याच्या पाचव्या दिवशी त्यांनी मला अंगणात बोलावलं. त्यांनी हातात कोथिंबिरीची जुडी आणि पिकलेला टोमॅटो घेतला होता. हे तुला कसं दिसतं, नीट सांग, म्हणाले. रागाची छटा नव्हती त्यात. एखाद्या नव्या डब्यातल्या पुडीची चिमूट घेऊन बघावी तसं ते मला बघत होते. मी सांगत गेलो. ते मध्ये मध्ये विचारत, आणि निळा? आणि मोरपंखी? निळा मला स्वच्छ दिसतो हे ऐकून त्यांना बरं वाटलं. मग मी त्यांना टायट्रेशनचं सांगितलं, जे कॉलेजात सांगितलं होतं तेच. एका ठरलेल्या वजनाला ठरलेलंच वजन पुरतं, त्यात डोळ्याचा संबंध नाही.

अण्णांनी टोमॅटो खाली ठेवला.

“म्हणजे रंग नुसता सांगायला येतो,” ते म्हणाले. “व्हायचं ते आधीच झालेलं असतं.”

तेव्हापासून त्यांनी मला पातेल्याजवळ उभं केलं. माझं काम डबे वाचायचं, पूड तोलायची, आम्ल मोजून घालायचं, किती तापलं ते बघायचं. सोडा संपायच्या आत आम्ल घातलं तर रंग का उतरतो, ते मी त्यांना समजावलं, आणि त्या लग्नाच्या काठाचं काय चुकलं होतं ते आम्हांला उशिरा कळलं. रंग जुळला की नाही हे बघायचं काम अण्णांचं. पण अण्णांना मोतीबिंदू सुरू झाला होता. मला निदान माझ्या डोळ्यांचं ठाऊक तरी होतं. त्यांनी मोतीबिंदू आमच्यापासून लपवला. एकदा एका व्यापाऱ्यानं अख्खा गठ्ठा परत आणला, म्हणाला की हा आमचा मोतिया रंग नाही. अण्णा उजेडात धागा धरून बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी मला अक्काला बोलवायला पाठवलं.

तिच्या सासूबाईंनी दोन-तीन प्रश्न विचारले, पण अक्का आली. तिनं धागा नखावर ठेवला, दाराशी गेली आणि म्हणाली, यात पिवळा जास्त झालाय. व्यापाऱ्यासमोर म्हणाली. त्या दिवसापासून ती रोज सकाळी यायला लागली. गल्लीत बोलणं झालंच, रंगखान्यात बाई म्हणून. त्या बोलण्यात माझ्या डोळ्यांकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

साठचं दशक लागल्यावर एका सरकारी प्रयोगशाळेच्या नोकरीसाठी मी अर्ज केला. लेखी झालं, मुलाखत झाली, शेवटी डॉक्टरांनी ते ठिपक्यांचं पुस्तक काढलं. पहिलं पान उघडायच्या आत मी सांगितलं, की मला हे वाचता येणार नाही. ती नोकरी मिळाली नाही. घरी परतताना मला रडू येईल असं वाटलं होतं, पण मला फक्त भूक लागली होती. वर्षभरानं मी एका हायस्कूलात शिकवायला लागलो आणि तिथंच राहिलो. रोज प्रयोगशाळेत बाटल्यांच्या चिठ्ठ्या दोनदा वाचायचो, वाचून पुन्हा एकदा वाचायचो. ती धास्ती मला शेवटच्या दिवसापर्यंत होती, आणि ती असावी असंच मला वाटतं.

अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी त्यांना सकाळी हात धरून फिरायला नेत असे. जाड भिंगांचा चष्मा, आणि प्रत्येक गोष्ट थांबून बघायची सवय. एका रस्त्यावर ते थांबले आणि वर बघून म्हणाले, गुलमोहर फुललाय, तुला कळतं का रे? मी म्हणालो, वर बघून नाही कळत. खाली पाकळ्यांचा सडा पडलेला असला की कळतं.

ते खाली बघत राहिले. मग ‘सरी’ म्हणाले, आणि आम्ही पुढे निघालो.